वाचकांचे प्रश्न : पाणी अंग पेलतं, वाट देत नाही

स्पर्धेच्या पोहण्याविषयी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. उन्हाळाभर शेतातल्या विहिरीत पोहतो, अर्धा-अर्धा तास बाहेर निघत नाही. यंदा पहिल्यांदाच तलावावरच्या स्पर्धेत 100 मीटर फ्रीस्टाइलला उतरला. पहिले 50 मीटर 41 सेकंदांत मारले, पुढच्या 50 ला 61 सेकंद लागले. बाहेर आला तर हात उचलेनात. त्याची आजी म्हणते, ‘पाणीमा पव्हाले कसानी ताकद लागस?’ पाणी तर अंग उचलून धरतं, मग पोरगा एवढा गळाला कसा? – एक शेतकरी, अमळनेर तालुका

उत्तर : आजींचं म्हणणं तरंगण्यापुरतं अगदी खरं आहे. पाण्यात वजन जाणवत नाही, गुडघ्यांवर भार येत नाही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे आणि पुढे जाताना प्रत्येक वीत ते बाजूला सारावं लागतं. डांबरी रस्त्यावरची बैलगाडी आणि पावसात काळ्या मातीत रुतलेली बैलगाडी यांत जो फरक, तोच धावणं आणि पोहणं यांत आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलं याने 100 मीटर फ्रीस्टाइल 46.40 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. तो वेग ताशी आठ किलोमीटरही भरत नाही. उसेन बोल्टने जमिनीवरचे 100 मीटर 9.58 सेकंदांत कापले, म्हणजे ताशी 37 किलोमीटरच्या वर. माणूस जिवाच्या आकांताने पोहला तरी सकाळी सावकाश पळणाऱ्याच्या आसपासच राहतो. बाकीची सगळी ताकद पाणी खातं. पोहणाऱ्याने खर्च केलेल्या ऊर्जेचा दहावा हिस्साही पुढे सरकण्याच्या कामी येत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते, नाहीतर पाणी ढवळण्यात संपते.

आता तुमच्या मुलाचा हिशेब. पाण्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की अडसर चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती आठपट होते. विहिरीत तो सेकंदाला साधारण 0.6 मीटरने रमतगमत पोहत असेल. स्पर्धेत पहिले 50 मीटर 41 सेकंदांत, म्हणजे सेकंदाला 1.2 मीटरने गेला. त्याने दुप्पट नव्हे, आठपट काम अंगावर घेतलं. एवढी शक्ती शरीर जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट पुरवतं. त्यानंतर प्राणवायू कमी पडतो, स्नायूंत आम्लता साठते आणि हात लाकडासारखे होतात. पुढच्या 50 चे 61 सेकंद आळसाचे नाहीत, पहिल्या 50 च्या उधारीचे आहेत.

विहिरीतला अर्धा तासही जरा बारकाईने पाहा. शेतातली विहीर 25-30 फूट रुंद असते. दहा-बारा हात मारले की पोरगा कपारीला लागतो, धरतो, दोन श्वास घेतो, भिंतीला पाय देऊन परत निघतो. मध्येच उडी, मध्येच गप्पा. प्रत्यक्ष सलग पोहणं दहा मिनिटंही होत नाही. शिवाय विहिरीत सगळी पोरं मान वर ठेवून पोहतात, कारण वरून कोण उडी टाकतोय ते दिसायला हवं. ती सवय तिथे जीव वाचवते, पण तलावात तीच नडते. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि आडवं अंग तिरपं होतं. मग छातीपासून मांड्यांपर्यंत सगळं पाण्याला अडतं.

तेव्हा आधी ताकद वाढवायच्या मागे लागू नका, अडसर कमी करा. रोज सुरुवातीला भिंतीला पाय देऊन दहा वेळा नुसतं घसरायला लावा : हात डोक्यावर ताणलेले, एका तळहातावर दुसरा, दंड कानांना चिकटलेले, नजर तळाकडे. पाय न मारता पाच मीटर जायला हवं. तीन मीटरवरच थांबत असेल तर बहुधा मान वर आहे, नाहीतर पोट सैल आहे. मग 25 मीटरला किती हात लागतात ते मोजा. नवख्याला 28-30 लागतात. महिना-दीड महिन्यात वेळ न वाढता ते 22-24 वर आले तर पोहण्यात खरी सुधारणा झाली असं समजा. पाय कंबरेपासून हलले पाहिजेत. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारणाऱ्याची मांडीच ब्रेक होते.

वेगाचा सराव असा : 50 मीटर आठ वेळा, प्रत्येक वेळी 48-49 सेकंदांत, मध्ये 30 सेकंद विश्रांती. पहिला 42 त मारला आणि आठवा 58 वर गेला तर सराव फुकट गेला. आठही एका वेळेत यायला हवेत आणि एखादा 51 च्या पुढे गेला की त्या दिवशी थांबायचं. पुढच्या स्पर्धेत त्याला पहिले 50 मीटर 46 सेकंदांत जायला सांगा. पहिल्या 25 मीटरला बाकीचे पुढे जातील आणि ते पाहून त्याला राहवणार नाही. सगळा संयम तिथेच लागतो. दुसरे 50 मीटर 50 सेकंदांत आले तरी एकूण 1 मिनिट 36 सेकंद होतात. या वेळी 1 मिनिट 42 लागले होते. नवी ताकद न कमावता सहा सेकंद वाचतात.

प्रश्न : आमच्या शाळेतला एक विद्यार्थी 1500 मीटर पाच मिनिटांत धावतो. दम उत्तम आहे. पण 200 मीटर पोहला की धापा टाकतो. दमाचा खेळाडू पाण्यात बिनदमाचा कसा होतो? – क्रीडाशिक्षक, साक्री

उत्तर : सर, धावताना हवा लागेल तेव्हा मिळते. पोहताना श्वास हातांच्या तालावर मिळतो. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्याबाहेर असण्याची वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते, तेवढ्यात छाती भरून घ्यायची. त्यात पाण्याचा दाब छातीवर असतो, म्हणजे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना जास्तीचं काम. धावणाऱ्याचा दम मांड्या-पोटऱ्यांत मुरलेला असतो. इथे मुख्य काम खांदे, पाठ आणि दंड करतात आणि हे स्नायू आकाराने लहान असल्यामुळे लवकर थकतात. नाडीचंही ध्यानात ठेवा. अंग आडवं असतं, पाणी उष्णता ओढून घेतं, त्यामुळे पोहताना नाडीची कमाल गती धावण्यापेक्षा मिनिटाला सुमारे दहा ठोक्यांनी कमी भरते. मैदानावरचे आकडे तलावावर लावले तर मुलगा कामचुकार वाटेल, आणि तो तसा नसतो.

धापा लागण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र साधं आहे : मुलं पाण्यात श्वास सोडतच नाहीत. तोंड वर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात. अर्ध्या सेकंदात दोन्ही होत नाही, छातीत जुनी हवा साचते आणि मुलाला वाटतं की हवा मिळत नाही. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे सलग सुटले पाहिजेत. कठडा धरून 20 वेळा, मग किक बोर्डवर (हातांनी धरायची तरंगती फळी) 25 मीटर, मग पूर्ण हात, असं शिकवा. श्वास घेताना एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. दोन्ही डोळे वर आले म्हणजे मान उचलली गेली आणि कंबर बुडाली.

एक गोष्ट मात्र कडक नियम म्हणून पाळा. एका दमात पाण्याखालून कोण लांब जातो, ही पैज तलावावर नको आणि विहिरीवर तर नकोच. त्याआधी भराभर खोल श्वास घ्यायची जी पद्धत मुलं एकमेकांना शिकवतात, ती जीव घेते. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने तो आधीच धुऊन निघतो, प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग गुदमरल्याची सूचना यायच्या आत प्राणवायू संपतो आणि चांगला पोहणारा मुलगा पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होतो. तो हातपाय मारत नाही, ओरडत नाही. काठावरच्यांना वाटतं, अजून पैज चालू आहे.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची, रोज पाच किलोमीटर पोहते. महिनाभर उजवा खांदा दुखतो आहे. ‘खेळात दुखायचंच’ असं सगळे म्हणतात. सरावाआधी गोळी देऊ का? – आई, जळगाव

उत्तर : गोळी देऊन पाण्यात उतरवू नका, ताई. दुखणं हीच खांद्याची सूचना असते, ती बंद केली तर इजा कळणारच नाही.

पाच किलोमीटर म्हणजे 25 मीटरच्या तलावात 200 फेऱ्या. फेरीला 20 हात धरले तर 4,000 हात, एका खांद्याच्या वाट्याला 2,000. आठवड्याला सहा दिवस सराव असेल तर 12,000 वेळा एकच सांधा डोक्यावरून फिरतो, आणि दर वेळी पाण्याच्या अडसराविरुद्ध. खांद्याची खोबण उथळ असते. हाडाला जागेवर धरायचं काम चार लहान स्नायू करतात. ते थकले की दंडाचं हाड किंचित वर सरकतं आणि वरच्या हाडाखालचे स्नायुबंध चिमटीत सापडतात. सुरुवातीला दुखणं फक्त सरावानंतर जाणवतं. मग सराव चालू असताना, मग वेणी घालताना, आणि शेवटी रात्री त्या कुशीवर झोपताना. वेणी घालताना किंवा रात्री दुखत असेल तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. पोहून दंड-पाठ भरून येणं वेगळं. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. एकाच खांद्याच्या पुढच्या भागात, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं म्हणजे इजा.

प्रशिक्षकांना तीन गोष्टी पाहायला सांगा. हात पाण्यात शिरताना डोक्याची मधली रेघ ओलांडतो का? तळहात बाहेर वळून अंगठा आधी शिरतो का? ती फक्त एकाच बाजूला श्वास घेते का? पहिल्या दोन्ही चुकांत खांदा आतल्या बाजूला पिळला जातो. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटांची टोकं आधी, असा शिरायला हवा. एकाच बाजूचा श्वास अंग एकीकडेच वळवतो आणि दुसरा खांदा अंग न वळताच ओढत राहतो, म्हणून तीन हातांनी एकदा अशी बाजू बदलत राहायला शिकवा. हाताला लावायचे पॅडल दुखणं जाईपर्यंत पूर्ण बंद. पोहण्याचं अंतर निम्म्यावर आणा. पाय मारण्याचा सराव चालेल, मात्र बोर्ड पुढे ताणून धरल्यानेही खांदा दुखत असेल तर बोर्ड सोडून हात अंगालगत ठेवून उताणं मारू द्या.

घरी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून, कोपर कमरेला टेकवून, पंजा बाहेर फिरवायचा : 15 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल धरायला लावा. टॉवेल पडला तर हालचाल चुकली. पट्टा इतकाच ताठ हवा की पंधरावी वेळ जड जाईल, पण दुखणार नाही.

प्रश्न : पोहण्याच्या चार प्रकारांपैकी (फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय) सर्वांत दमवणारा कोणता? – विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : बटरफ्लाय. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे, छाती उचलायची आणि एका हाताला विसावा देऊन दुसऱ्याने काम चालवायची सोय नाही. त्यातही 200 मीटर बटरफ्लाय म्हणजे कसोटी. भारतीयांनी मात्र याच शर्यतीत नाव काढलं आहे : खजान सिंगने 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, आणि साजन प्रकाशने जून 2021 मध्ये रोमला 1 मिनिट 56.38 सेकंदांत ती पोहून ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली. ती मिळवणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ म्हणून सोपा समजू नकोस. त्यात दर वेळी पाय आखडताना वेग जवळजवळ मरतो आणि पुन्हा उभा करावा लागतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूलाही त्याचाच ताण सर्वांत जास्त बसतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे 44-45 अंश तापतं. मुलगा पाण्यातच असतो, मग त्याला वेगळं पाणी कशाला? आणि सरावाआधी काय खायला द्यावं? – गृहिणी, भुसावळ

उत्तर : पोहतानाही घाम येतो, फक्त दिसत नाही. मोठ्या स्पर्धांसाठी तलावाचं पाणी 25 ते 28 अंश ठेवतात. आपल्याकडचे उघडे तलाव मे महिन्यात त्याच्या वर जातात, अंगातली उष्णता बाहेर पडायला जागा उरत नाही आणि मुलगा आतून तापतो. डोकं दुखणं, चिडचिड, सरावाच्या शेवटी पोटऱ्यांत गोळे, ही त्याची लक्षणं. एकदा सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जितके ग्रॅम घटले साधारण तितके मिलिलिटर पाणी कमी प्यायलं गेलं. अर्धा किलो घटलं तर अर्धा लिटर. काठावर बाटली ठेवा आणि दर 20 मिनिटांनी 150-200 मिलिलिटर प्यायला लावा. सराव तासाच्या वर असेल तर एक लिटर पाण्यात एका लिंबाचा रस, पाच सपाट चमचे साखर आणि पाव चमचा मीठ. बाजारातल्या रंगीत पेयांची गरज नाही. आणि उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत संपवा.

खाण्याच्या बाबतीत आपला मुलूख नशीबवान आहे. सकाळी सहाच्या सरावाला पाच-साडेपाचला एक-दोन केळी आणि अर्धा ग्लास पाणी पुरे. संध्याकाळी सराव असेल तर तीन तास आधी दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, वरण, साधी भाजी. भरीत, शेवभाजी, डाळ-बट्टी यांतलं काही सरावाआधी नको. तेल-तिखट पोटात रेंगाळतं आणि भिंतीजवळ कोलांटी मारून वळताना तेच घशाशी येतं. ते सगळं नंतर खुशाल द्या. सराव संपल्यावर तासाभराच्या आत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि दही, किंवा उडदाची डाळ-भात, किंवा दूध आणि मूठभर शेंगदाणे. रोज जोरदार सराव करणाऱ्या 50 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 60 ते 85 ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या भाकरी-भाजीतून ती भरत नाहीत, म्हणून दोन्ही जेवणांत डाळ, शिवाय दूध-दही, आणि घरात चालत असतील तर रोज दोन अंडी.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत मुलीने सराव बंद ठेवावा का? – आई, शहादा

उत्तर : बंद ठेवायलाच हवा असं काही नाही. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप वापरून पोहता येतं. साधं पॅड पाण्यात उपयोगाचं नाही, ते फुगतं. खूप दुखत असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल त्या दिवशी विश्रांती. याहून महत्त्वाचं म्हणजे मुलगी सारखी दमते, चेहरा फिका दिसतो, आधीच्या वेळा येत नाहीत, तर तिच्यावर ओरडण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. आणि सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आलीच नाही तर ‘बरं झालं’ म्हणू नका. बहुतेक वेळा खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असते, त्याने हाडं कमजोर होतात. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्याकडच्या तलावाच्या उथळ बाजूलाच सुरुवातीचे ठोकळे आहेत. सूर मारायला चालेल का? – पालक, चोपडा

उत्तर : आधी टेप घेऊन खोली मोजा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ठोकळ्यासमोर, भिंतीपासून 1 मीटर ते 6 मीटरपर्यंत, पाणी किमान 1.35 मीटर खोल हवं. नवशिक्यासाठी त्याहून जास्त असलेलंच बरं. कमी भरलं तर शर्यत पाण्यातूनच, भिंतीला पाय देऊन सुरू करा. तळाला डोकं आपटून मान मोडली तर ती इजा जन्मभराची असते.

प्रश्न : उन्हाळी वर्ग संपले, तलाव बंद. शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात. मधले दोन महिने नदीवर सराव चालेल का? – दोन विद्यार्थी, धुळे

उत्तर : नाही. पांझरा, गिरणा, तापी, कुठलीच नदी पावसाळ्यात सरावाची नाही. वर धरणातून पाणी सोडलं की तुम्हाला पत्ता लागायच्या आत ओढ वाढते, आणि गढूळ पाण्यात तळाचं झाड-तार दिसत नाही.

पोहण्यातली पाण्याची पकड दोन-तीन आठवड्यांत सुटू लागते, हे खरं. तरी जमिनीवर बरंच टिकवता येतं. आठवड्यातून चार दिवस 30 मिनिटं पळणं किंवा सायकल. तीन दिवस : जोर 10, बैठका 20, कोपरांवर अंग ताठ धरणं 40 सेकंद, पालथं पडून हातपाय उचलणं 15 वेळा, हे सगळं तीन फेऱ्या. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, कमरेतून वाकून, कोपर उंच ठेवून पाणी ओढल्यासारखा ओढा : 20 वेळा, चार फेऱ्या. घोट्यांसाठी रोज दोन मिनिटं गुडघे दुमडून टाचांवर बसा. घोटा लवचीक नसेल तर पाय कितीही मारले तरी पंजा पाणी मागे ढकलत नाही. तलाव उघडल्यावर पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्मं अंतर, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पूर्ण. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेलात तर खांदा दुखावून स्पर्धेच्या दिवशी काठावर बसाल. स्पर्धेआधीचे शेवटचे सात-आठ दिवस अंतर पुन्हा निम्म्यावर आणा, पण 25 मीटरचे चार-सहा वेगवान तुकडे रोज ठेवा. म्हणजे हात ताजे राहतात आणि वेगाची सवयही सुटत नाही.